सामाईक मूळ आणि त्याची निगा

पुण्यातले कोथरूड हे फ्लॅटचे उपनगर आहे, आणि फ्लॅटची वस्ती विटांइतकीच कागदावरही उभी असते. १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली इमारत आणायची, तर तिचे घोषणापत्र, म्हणजे डीड ऑफ डिक्लरेशन, नोंदवावे लागते. प्रत्येक फ्लॅटचे वर्णन त्यात असतेच. पण त्याहून महत्त्वाची यादी असते ती सगळ्यांच्या मिळून असलेल्या गोष्टींची. पाया, मुख्य भिंती, जिना, छप्पर, पाण्याची टाकी ही सामाईक क्षेत्रे. त्यांत प्रत्येक फ्लॅटधारकाचा टक्केवारीने ठरलेला अविभक्त हिस्सा असतो. तो फ्लॅटपासून तोडून विकता येत नाही, आणि सामाईक भागाची वाटणी करून द्या असा दावाही लावता येत नाही. कायद्याने ही तरतूद जागा वाचवण्यासाठी केलेली नाही. टाकी फुटली तर ती कोणी दुरुस्त करायची, याचे उत्तर आधीच लिहून ठेवावे म्हणून ती आहे. संगणकाच्या दुनियेत हाच प्रश्न गेली पस्तीस-चाळीस वर्षे वेगवेगळ्या रूपांत विचारला जात आहे. लिनक्सच्या एकाच कर्नलवर अनेक कंटेनर चालवताना त्या सगळ्यांना पुरेल असा एक मूळ फाइलसंच, म्हणजे सामाईक रूट फाइलसिस्टमचा टेम्प्लेट, कसा रचायचा हा त्याचा आजचा अवतार. त्याचा इतिहास सहसा डिस्कवरची जागा वाचवण्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो. माझ्या मते ते अर्धेच खरे आहे. बाइटांची भागी वेगळी आणि दुरुस्तीची भागी वेगळी. या विषयातले प्रत्येक महत्त्वाचे वळण दुसऱ्या भागीपायी घेतले गेले आहे.

कंटेनर म्हणजे पूर्ण नवा संगणक नव्हे. कर्नल एकच राहतो. आत चालणाऱ्या प्रोग्रॅमना फक्त आपापले वेगळे जग दिसते, आणि त्या जगाची जमीन म्हणजे रूट फाइलसिस्टम: आज्ञावली, लायब्ररी, सेटिंगच्या फाइली, नोंदवह्या, तात्पुरत्या फाइली, सगळे एका मुळातून फुटलेले झाड. एखाद्या प्रोग्रॅमला दुसरेच मूळ दाखवण्याची युक्ती जुनी आहे. १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत सीएच-रूट ही सोय आली. पण तिने फक्त कुंपण दिले, कुंपणाच्या आत काय ठेवायचे हे सांगितले नाही. लागेल तेवढे झाड आत नकलून घ्यायचे, अशीच तिची रीत होती. ही नक्कल मुळाशी जोडलेली नसे. मूळ सुधारले, तरी नकलेला त्याचा पत्ता नसे.

सामाईक मुळाचा विचार खऱ्या अर्थाने सुरू झाला तो कंटेनरच्या कितीतरी आधी, डिस्क नसलेल्या वर्कस्टेशनांमुळे. ऐंशीच्या दशकात सन मायक्रोसिस्टिम्सची यंत्रे डिस्कशिवाय मिळत. सगळ्या फाइली सर्व्हरवर आणि यंत्र नेटवर्कवरून त्या वाचणार, अशी रचना. प्रत्येक यंत्रासाठी पूर्ण झाड ठेवणे परवडत नव्हते हे उघड आहे. पण एकच झाड सगळ्यांना द्यावे, तर एका यंत्राची नोंदवही दुसऱ्याच्या नोंदवहीवर लिहिली जाणार. १९८८ च्या सनओएस ४.० मध्ये यावर जो तोडगा निघाला तो मला या इतिहासातला सर्वांत मोलाचा क्षण वाटतो. अभियंत्यांनी झाडाचीच फेररचना केली. ज्या फाइली चालू यंत्रात बदलत राहतात, म्हणजे नोंदी, टपाल, छपाईच्या रांगा, त्या यूएसआर फोल्डरमधून उचलून व्हार नावाच्या नव्या फोल्डरमध्ये नेल्या. मग यूएसआर फक्त वाचण्यापुरते सगळ्यांना देता आले, आणि व्हार ज्याचे त्याचे राहिले. आज कोणत्याही लिनक्स यंत्रावर व्हार दिसते ते या घोषणापत्राचे अवशेष म्हणून. त्यातली खरी कमाई अशी, की सर्व्हरवर यूएसआरमधली एक लायब्ररी बदलली की खोलीतली सगळी यंत्रे एकदम सुधारली जात. दुरुस्ती एकदाच आणि एकाच माणसाच्या अंगावर.

पुण्याला हा प्रश्न परका नव्हता. १९८८ मध्येच पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला तो ट्रान्सप्युटर चिपांवर. ही चिप स्वतःच्या कायम साठ्याशिवाय, शेजारच्या चिपकडून दुव्यावरून आलेल्या प्रोग्रॅमवर सुरू होऊ शके. म्हणजे एकाच मुळातून अनेक घटक जागे करण्याची कल्पना तिच्या घडणीतच होती. पुढे १९९८ चा परम १०००० सनच्याच अल्ट्रास्पार्क यंत्रांवर आणि त्यांच्या सोलॅरिसवर आधारलेला होता. अनेक यंत्रांनी मिळून एकच गणित सोडवायचे असेल, तर प्रत्येक यंत्रावरची लायब्ररी तंतोतंत सारखी हवी, नाहीतर उत्तरातली चूक शोधता शोधता जीव जातो. महासंगणक बांधणाऱ्या माणसाला सामाईक मुळाचे महत्त्व डिस्कच्या किमतीवरून पटवून द्यावे लागत नाही.

लिनक्सने हा वारसा लेखी स्वरूपात घेतला. १९९४ मध्ये फाइलसिस्टमच्या मांडणीचे पहिले मानक प्रसिद्ध झाले आणि त्यातूनच पुढे एफएचएस हे मानक आले. त्यात प्रत्येक फोल्डरला दोन प्रश्न विचारलेले आहेत: यातल्या फाइली अनेक यंत्रांत वाटून घेता येतील का, आणि त्या व्यवस्थापकाने हात लावल्याशिवाय बदलतात का. यूएसआर वाटून घेण्याजोगे आणि स्थिर. ईटीसी स्थिर, पण ज्याचे त्याचे. व्हारमधल्या नोंदी ज्याच्या त्याच्या आणि सतत बदलत्या. टेम्प्लेट बांधणाऱ्याला पहिला आराखडा इथेच तयार मिळाला.

मग २००१ मध्ये कॅनडातल्या जॅक जेलिना यांनी लिनक्स-व्हीसर्व्हर आणला. एका यंत्रावर एका कर्नलखाली अनेक आभासी सर्व्हर चालवण्याचा लिनक्सवरचा हा पहिला मोठा खुला प्रयत्न, आणि त्यातली फाइली एकत्र करण्याची पद्धत अजूनही अभ्यासावी अशी आहे. समजा, दहा आभासी सर्व्हरांत एकच सी लायब्ररी आहे. एकत्रीकरणाचा प्रोग्रॅम दहाही ठिकाणच्या फाइली ताडून पाहतो. त्या सारख्या निघाल्या तर नऊ पुसून त्यांच्या जागी दहाव्या फाइलीचे हार्डलिंक ठेवतो. नावे दहा, फाइल एक. पण मग एका सर्व्हरच्या मालकाने त्या फाइलीत लिहिले तर बाकीच्या नऊंचेही घर बिघडणार. म्हणून फाइलीवर दुहेरी खूण केली जाई: तिच्यात बदल करता येणार नाही, मात्र आपल्या बाजूचे नाव पुसता येईल. ही खूण फार विचारपूर्वक निवडलेली होती. लिनक्सवरचे पॅकेज बसवणारे प्रोग्रॅम जुन्या फाइलीत लिहीत नाहीत. ते नवी फाइल तयार करतात आणि तिला जुन्या नावावर आणून बसवतात. म्हणजे सामाईक फाइल जशीच्या तशी राहते आणि ज्याला नवी आवृत्ती हवी तो आपल्यापुरता बाजूला होतो. जिन्याला हात न लावता आपल्या दारापुढे वेगळी पायरी बांधून घेण्यासारखे हे झाले. सेटिंगच्या फाइली मात्र जागच्या जागी लिहिल्या जातात. म्हणून त्या एकत्रीकरणातून वगळलेल्या असत. आणखी एक लाभ असा, की फाइल खरोखर एकच असल्यामुळे ती स्मृतीतही एकदाच चढे. दहा सर्व्हरांना दहा लायब्रऱ्यांची रॅम लागत नसे.

या पद्धतीची एक उणीव होती, आणि माझ्या मांडणीचा मोठा पुरावा या उणिवेतच आहे. सुरक्षेची एखादी दुरुस्ती आली की प्रत्येक आभासी सर्व्हर ती आपापल्या वेळी बसवी आणि त्या फाइलीपुरता सामाईक भागातून फुटून निघे. काही महिन्यांत भागी झिजत जाई. व्यवस्थापकाला एकत्रीकरणाचा प्रोग्रॅम पुन्हा चालवावा लागे. बाइट सामाईक होते. दुरुस्ती सामाईक नव्हती. २००५ मध्ये एसडब्ल्यूसॉफ्टने ओपनव्हीझेड खुले केले, तेव्हा हा फरक आणखी ठळक झाला. त्यांच्या व्यापारी व्हर्च्युओझोमध्ये टेम्प्लेटच्या फाइली खरोखर सामाईक राहत आणि बदल करणाऱ्यालाच प्रत मिळे. खुल्या आवृत्तीत ती फाइलसिस्टम नव्हती. तिथे टेम्प्लेट म्हणजे एक दाबून ठेवलेले गाठोडे. नवा कंटेनर मागितला की ते त्याच्या खासगी फोल्डरमध्ये सोडले जाई, आणि त्या क्षणापासून नक्कल स्वतंत्र. जन्म एका साच्यातून, पुढचे आयुष्य ज्याचे त्याचे. नवा सर्व्हर उभा करण्याच्या कामाला ही पद्धत फार सोयीची ठरली. पण साच्यातला दोष पुढे कळला तर पन्नास कंटेनरांत पन्नास वेळा जाऊन तो काढावा लागे.

याच सुमारास सोलॅरिस १० ने उलट टोक गाठले होते. त्यातल्या झोनची, म्हणजे सोलॅरिसच्या कंटेनरांची, ठरलेली रचना अशी, की यूएसआर, लिब, एसबिन आणि प्लॅटफॉर्म हे चार फोल्डर मुख्य यंत्राकडून फक्त वाचण्यासाठी यायचे. मुख्य यंत्रावर दुरुस्ती झाली की ती या चार फोल्डरांपुरती सगळ्या झोनांत पोहोचलीच. डिस्कही वाचे, दुरुस्तीही सामाईक. तरीही २०११ च्या सोलॅरिस ११ मध्ये ही रचना काढून टाकली गेली. माझ्या म्हणण्यावर पहिला आणि सबळ आक्षेप इथे येतो: दुरुस्तीची भागीच जर या इतिहासाचे इंधन असेल, तर ती सर्वांत चांगली साधणारी रचना का टिकली नाही? उत्तर त्या रचनेच्या ताठरपणात आहे. कित्येक प्रोग्रॅम बसताना यूएसआरमध्ये काहीतरी लिहू पाहत आणि झोनमध्ये अडखळत. एका झोनला जुनी लायब्ररी हवी असली तरी ती ठेवता येत नसे. मुख्य यंत्र जिथे जाईल तिथे सगळ्यांनी जायचे. आणि झेडएफएस या फाइलसिस्टममध्ये क्षणात क्लोन काढता येऊ लागल्यावर जागा वाचवण्याचे कारण उरले नाही. म्हणजे सामाईक दुरुस्ती नको झाली असे नव्हे. तिच्यासाठी मोजावी लागणारी किंमत, स्वतःची पायरी वेगळी बांधण्याची मुभा गमावण्याची किंमत, जास्त वाटली. या दोन गोष्टी एकत्र कशा नांदवाव्या याची खटपट दुसरीकडे आधीपासूनच चालू होती.

ती खटपट थरांच्या फाइलसिस्टमची. खाली न बदलणारा थर, वर लिहिता येणारा रिकामा थर, आणि वाचणाऱ्याला दोन्ही मिळून एकच झाड दिसेल अशी योजना. खालच्या फाइलीत लिहायला गेले की ती आधी वर नकलली जाते. खालची फाइल पुसली तर वर एक खूण राहते की ही आता नाही असे समजा. बेल लॅब्जच्या प्लॅन ९ मध्ये फोल्डर एकावर एक चढवण्याची सोय होती. बीएसडीमध्ये नव्वदच्या दशकात युनियन माउंट आले. एरेझ झाडोक यांच्या स्टोनी ब्रुक विद्यापीठातल्या गटाने लिनक्ससाठी युनियनएफएस लिहिले. २००६ मध्ये जुन्जिरो ओकाजिमा यांनी एयूएफएस आणले. कर्नलच्या मुख्य प्रवाहात यातले काहीच घेतले गेले नाही. अखेर मिक्लोश सेरेदी यांचे ओव्हरलेएफएस डिसेंबर २०१४ च्या ३.१८ आवृत्तीत दाखल झाले. मधल्या काळात, २००८ मध्ये, एलएक्ससी हे कंटेनर चालवण्याचे साधन आले. त्याचे टेम्प्लेट म्हणजे शेल स्क्रिप्ट, डीबूटस्ट्रॅपसारख्या साधनाने डेबियनचे लहानसे झाड शून्यातून उभे करणाऱ्या. त्यातली एसएसएचडीची स्क्रिप्ट तर यजमान यंत्राचीच फोल्डरे फक्त वाचण्यासाठी आत जोडून घेई. २०१३ मध्ये डॉकरने थर आणि टेम्प्लेट यांची सांगड घालून ते बांधण्याची कृती एका साध्या फाइलीत लिहिण्याची पद्धत रूढ केली.

इथे दुसरा आक्षेप. डिस्क स्वस्त झाली; काहीशे एमबीचे झाड शंभर वेळा नकलले तरी आज कोणाला फरक पडत नाही; मग टेम्प्लेटचा एवढा विचार कशाला? आक्षेपाचा पूर्वार्ध खरा आहे, आणि म्हणूनच तो माझ्या बाजूचा आहे. जागा हे कारण असते तर जागा स्वस्त झाल्यावर टेम्प्लेट मागे पडायला हवा होता. घडले उलटेच. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड दोष उघड झाला, सप्टेंबरात बॅश शेलमधला शेलशॉक. दोन्ही वेळा जगभरच्या व्यवस्थापकांपुढे एकच प्रश्न होता: हा दोष असलेली फाइल आपल्याकडे किती ठिकाणी आहे, आणि ती कुठून आली? ज्याच्याकडे सगळे कंटेनर एका माहीत असलेल्या मुळावर उभे होते, त्याला निदान या प्रश्नाचे उत्तर देता येत होते.

तरीही थरांच्या पद्धतीत दुरुस्ती आपोआप वर चढत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. खालचा थर सुधारला म्हणजे जुना थर बदलला असे होत नाही. एक नवा थर तयार होतो. जुन्यावर उभे असलेले कंटेनर जुन्यावरच उभे राहतात, जोवर कोणी त्यांना नव्या मुळावर पुन्हा बांधत नाही. सनच्या यूएसआरमध्ये दुरुस्ती पाण्यासारखी सगळ्या नळांतून येई. आता ती पुनर्बांधणीतून येते. कोथरूडमध्ये तीन-चार मजली जुन्या इमारती उतरवून त्याच जागी नव्या उभ्या राहत आहेत. ठिगळे लावण्यापेक्षा आराखडा सुधारून नवी इमारत बांधणे परवडते, हा हिशेब दोन्हीकडे सारखा आहे. फरक एवढाच, की कंटेनर मिनिटात उतरतो आणि रहिवाशांना दोन-तीन वर्षे भाड्याच्या घरात काढावी लागत नाहीत. पण पुनर्बांधणी कोणीतरी मनावर घ्यावी लागते, तिची तारीख ठरवावी लागते. सोसायटीत सिंकिंग फंड असतो तो त्यासाठी. कंटेनरच्या जगात असा फंड म्हणजे टेम्प्लेट नेमाने बांधत राहणाऱ्या माणसाचा वेळ, आणि तो ताळेबंदात क्वचितच दिसतो.

काय सामाईक करू नये हेही तितकेच महत्त्वाचे. टेम्प्लेट बनवताना एखादे चालते यंत्र जसेच्या तसे गोठवले, तर त्याच्या एसएसएच सेवेची गुप्त किल्लीही त्यात गोठते आणि त्यातून निघालेल्या प्रत्येक कंटेनरची ओळख एकच होते. एका दाराची किल्ली ज्याच्या हाती, त्याला प्रत्येक दारापाशी घरमालक म्हणून उभे राहता येते. यंत्राचा ओळखक्रमांक, यजमाननाव, नोंदवह्या यांचेही तसेच. म्हणून चांगला टेम्प्लेट बांधणारा शेवटच्या पायरीला भर घालत नाही, पुसत बसतो; किल्ल्या पहिल्यांदा सुरू होताना जिथल्या तिथे तयार होतील अशी व्यवस्था करतो. घोषणापत्रात जिन्याची नोंद हवी, पण कुणाच्या कपाटाची नको.

पुसण्याच्या याच कामात मराठीचा प्रश्न येतो, आणि तो मला या विषयातला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. टेम्प्लेट लहान करायचा म्हटले की पहिली कुऱ्हाड मदतीची पाने, कागदपत्रे आणि लोकेलच्या, म्हणजे भाषेनुसार अक्षरे, क्रम वगैरे ठरवणाऱ्या, फाइली यांवर पडते. सगळ्या भाषांच्या लोकेलचा एकत्रित संग्रह शंभर एमबीच्या वर जातो, तेव्हा मोह समजण्यासारखा आहे. फेडोराने २०१६ मध्ये प्रत्येक भाषेचे लोकेल वेगळ्या पॅकेजात काढले. डेबियनच्या सडपातळ प्रतिमांत भाषांच्या फाइली गाळलेल्या असतात. उरते ते सी नावाचे लोकेल, ज्याला मुळात आस्कीपलीकडचे अक्षर ठाऊक नव्हते. अशा कंटेनरात पायथन ३ च्या जुन्या आवृत्त्यांनी देवनागरी मजकूर छापायला घेतला की प्रोग्रॅम चूक झाल्याचा संदेश देऊन थांबे. हा त्रास इतका पसरला होता, की २०१८ च्या पायथन ३.७ मध्ये सी लोकेल दिसले तर त्याऐवजी यूटीएफ-८ धरून चालावे असा नियम करावा लागला, आणि त्या प्रस्तावात कंटेनरांचा उल्लेख कारण म्हणून आहे. म्हणजे मुळात काय ठेवायचे हे ठरवणाऱ्याने ज्या भाषेची सोय वगळली, तिचा भार वरच्या प्रत्येक प्रोग्रॅमवर पडला.

यावर कोणी म्हणेल, की लहान मूळ हेच सुरक्षित मूळ. जितक्या फाइली कमी, तितके दोष कमी. ज्याला मराठी हवी त्याने आपला थर वर चढवावा. सुरक्षेचा मुद्दा मान्यच आहे. पण लोकेल ही चालणारी आज्ञावली नसून माहिती आहे. ती ठेवल्याने हल्ल्याला वाव फारसा वाढत नाही, वाढते ती जागा, आणि जागा स्वस्त झाली हे तर आक्षेप घेणाराच सांगत असतो. शिवाय मूळ सामाईक ठेवून वेगळेपण जपणे अशक्य नाही हे देवनागरी फॉन्टांनी दाखवले आहे. रेड हॅटने खुला केलेला लोहित हा फॉन्टसंच, ज्यावर कंपनीच्या पुणे कार्यालयातही काम झाले, त्यात आधी लोहित हिंदी, लोहित मराठी असे निरनिराळे फॉन्ट होते. एकच दोष प्रत्येकात वेगळा सुधारावा लागे. पुढे ते लोहित देवनागरी या एका फॉन्टात आणले गेले. ओपनटाइपच्या तंत्रात एका फॉन्टात भाषेनुसार अक्षराचे रूप बदलता येते, त्यामुळे मराठी वळणाचे ल आणि श एकाच मुळात मावू शकतात.

२०२२ च्या फेब्रुवारीत जीलिबसी या सी लायब्ररीच्या २.३५ आवृत्तीत सी-यूटीएफ-८ हे लोकेल अधिकृतपणे सामील झाले. ते लायब्ररीत अंगभूत नाही, बसवावे लागते; पण टेम्प्लेटमध्ये ते ठेवून वापरले, तर लहान टेम्प्लेटमध्येही देवनागरी अक्षरे बरोबर ओळखली जातात. मात्र या लोकेलमधला क्रम युनिकोडच्या आकड्यांचा आहे, मराठी वर्णमालेचा नाही. युनिकोडमध्ये ळ हे अक्षर ल आणि व यांच्या मध्ये बसवलेले आहे. आपल्या वर्णमालेत ते ह नंतर येते, आणि क्ष, ज्ञ त्याच्याही नंतर. कोथरूडच्या एखाद्या सोसायटीची जे नमुन्यातली सभासद यादी अशा कंटेनरात लावली, तर काळे हे आडनाव कावळे, काशीकर आणि कासार या तिघांच्याही आधी येऊन बसते.